पेढे आणि फाइल

चि. बाईस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी नागपूरला तू जबड्याचा एक्स-रे काढायला आत गेलीस, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिला लहानपणी काही मोठा आजार? म्हटलं, तीन वर्षांची होती तेव्हा रक्ताचा कॅन्सर, अडीच वर्षं औषधं चालली. त्या म्हणाल्या, हे आधी का नाही सांगितलं? मले काय माहीत, दाताचा अन् त्याचा संबंध असते म्हणून!

हॉस्टेलच्या फाटकापर्यंत तुला हे सांगायला तोंड उघडलं नाही. चार वर्षं मी तुलाच बोलतो आहे, नीट घासत नाहीस म्हणून. वास्तुशांतीत चारचौघांदेखत तुझ्या हातातला पेढा काढून घेतला. आपल्या पांढरकवड्याकडं बोअरच्या फ्लोराइडनं कितीकांचे दात पिवळे. तुझे डाग त्यातच धरले, उरलेला दोष तुझ्या ब्रशला. खर्‍यानं माझे दात लाल झाले, त्याचं कोणी विचारत नाही.

ऐक. ज्या वयात तुला सुया सुरू होत्या, त्याच वयात हिरडीखाली कायमचे दात घडत असतात. ती औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरच्या मारल्या, केसांच्या मारल्या, दात घडवणाऱ्याही सापडल्या. केस परत आले. दुधाचे दात आधीच घडून झाले होते, ते बरे दिसले आणि आम्ही निर्धास्त राहिलो. त्यातलं विंक्रिस्टिन नावाचं औषध दिल्यावर तू जबडा धरून रडायचीस, तोंड सोलायचं, मुगाचं पाणीसुद्धा निववून पाजावं लागायचं. ते दिवस गेले की सगळं गेलं, असं वाटलं होतं.

तुझ्या दोन उपदाढा, म्हणजे सुळा अन् दाढेच्या मधले दात, तयारच झाल्या नाहीत. म्हणून तिथले दुधाचे दात चौदाव्या वर्षीही बसून आहेत. तालुक्याला एकानं ते उपटायचे ठरवले होते. त्या दिवशी खिशात पैसे नव्हते हे बरं झालं! ते जपायचे आहेत. बाकीच्या काही दातांची मुळं आखूड आहेत, चिबाडातल्या कपाशीसारखी. दात सरळ करायला तार लावता येईल, पण हलक्या ताणानं, मधून मधून एक्स-रे पाहत. घाई केली तर आखूड मूळ आणखी झिजतं.

तुझ्या बाजूच्या खाटेवरचं पोरगं आठवतं? त्याच्या जबड्याला शेक, म्हणजे कॅन्सरवरचे किरण, दिला होता. त्याला लाळ कमी सुटते, भाकर पाण्याच्या घोटाबरोबर गिळतो. त्याचा दात काढायचा तर आधी दहा वेळा विचार, शेकलेलं हाड लवकर भरून येत नाही. तुला शेक नव्हता, हेही तुझ्या त्या आजाराच्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे. म्हणून दाताच्या कोणत्याही डॉक्टरकडं गेलीस तर तोंड उघडायच्या आधी फाइल उघडायची.

तिची झेरॉक्स पिशवीत घातली आहे, पेटीत वरच ठेव. पुढची तारीख दिवाळीनंतर, मी घ्यायला येईन.

पिशवीत पेढेही आहेत. खा, मग चूळ भर. त्या दिवशीचा एक जास्त घातला आहे.

तुझा बाबा