कर्करोगाचा अपवाद आरोग्य विम्याच्या कलम १७ मध्येही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी माझ्या २९ वर्षांच्या मुलीला स्तनाचा कर्करोग निघाला. तिचं लग्न व्हायचं होतं. केमोत सायक्लोफॉस्फामाइड असणार, त्याने अंडाशयातली बीजं जळतात, पुढे मूल हवं असेल तर आधीच बीजं गोठवून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं. केमोला पंधरा दिवस होते.

बीजं वाढावीत म्हणून रोज संध्याकाळी पोटावर इंजेक्शन. ती थंडच ठेवावी लागतात, म्हणून दादरहून भांडुपला येताना बर्फ घातलेला थर्मास लेडीज डब्याच्या गर्दीत मी छातीशी धरून उभी असायची. हार्मोन वाढून आजाराला बळ मिळू नये म्हणून सोबत लेट्रोझोलची गोळी. शेवटचं इंजेक्शन रात्री साडेदहाच्या ठोक्याला, कारण त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीजं काढायची असतात. घरातल्या तिन्ही मोबाइलवर गजर लावले होते. अकरा बीजं मिळाली. आज ती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये आहेत.

खर्च आला एक लाख नव्वद हजार. माझ्या पाटल्या गहाण पडल्या. चौदा वर्षं आम्ही मेडिक्लेमचा हप्ता चुकवलेला नाही. शस्त्रक्रिया आणि केमोचे पैसे कंपनीने विनातक्रार दिले, हे सांगायलाच हवं. या बिलावर मात्र शेरा आला: वंध्यत्वावरील उपचार, कलम १७, देय नाही.

माझ्या मुलीला वंध्यत्व नव्हतंच. ज्या औषधाने ते येऊ शकतं, त्याचे पैसे कंपनीच भरत होती.

मी पालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, कागद शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. पॉलिसी पुन्हा पुन्हा वाचली. काय मिळणार नाही याची भाषा विमा नियामक 'इर्डा'ने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांना एकसारखी ठरवून दिली आहे. त्यातलं कलम ८ म्हणतं की प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना असेल तर मिळेल. म्हणजे कर्करोगाने हिरावलेलं परत मिळवणं ही हौस नव्हे, हे नियामकाने मान्य केलेलं आहे. कलम १७ मध्ये मात्र आयव्हीएफ, इक्सी असे प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याचे उपचार, सगळंच सरसकट बाहेर. मूल होत नाही म्हणून आलेलं जोडपं आणि केमोच्या दारात उभी असलेली मुलगी एकाच रांगेत.

अमेरिकेत कनेक्टिकटने २०१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायद्याने हा खर्च विम्यात आणला. आपल्याकडे विद्येची वानवा नाही. परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते.

मुलग्यांचं तर याहून सोपं असतं. वीर्य गोठवायला ना इंजेक्शनं, ना भूल. आमच्या चाळीतल्या एका तरुणाला केमोआधी कुणी ते सांगितलंसुद्धा नाही.

कलम ८ मधला कर्करोगाचा अपवाद 'इर्डा'ने कलम १७ मध्येही घालावा, ही माझी मागणी आहे. माझे पैसे आता परत मिळणार नाहीत, ते मी सोडून दिलेत. पण केमोच्या वॉर्डात माझ्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर २४ वर्षांची मुलगी होती. तिच्या आईकडे गहाण ठेवायला पाटल्या नव्हत्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, भांडुप (पूर्व)
(मुलीसाठी नाव छापू नये, ही विनंती.)