चि. मुक्ता हिस, पहिल्या पगाराच्या निमित्ताने

कराड

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पगाराची स्लिप पाहिली. पॅकेज पाच लाखांचं असताना खात्यात पस्तीस हजार सातशेच कसे जमा झाले, हा तुझा प्रश्न रास्त आहे. फोनवर थोडंफार सांगितलं, पण तुझी बस आली आणि विषय अर्धा राहिला. शिवाय या गोष्टी एकदा ऐकून भागत नाही, पुन्हा काढून वाचाव्या लागतात. म्हणून लिहूनच पाठवते.

पॅकेज, म्हणजे सीटीसी, हा कंपनीचा तुझ्यावर वर्षभरात होणारा एकूण खर्च. महिन्याला ४१ हजार ६६६ रुपये. त्यातून कंपनीने स्वतःच्या वाट्याचा पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, २,४०० आणि ग्रॅच्युइटीपोटी साधारण साडेनऊशे आधीच बाजूला धरले. उरलेल्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० कापला. महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर माफ आहे. तुझा पगार त्याहून जास्त आहे. फेब्रुवारीत हा कर ३०० असतो, तेव्हा शंभर रुपये जास्त कापलेले दिसतील. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी. कायम नोकरीत त्यासाठी सलग पाच वर्षं भरावी लागतात. आज ती फक्त कागदावर आहे, तिच्यावर कुठलाही बेत आखू नकोस.

पीएफबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच होताना पाहिलं. तुझं बेसिक, म्हणजे मूळ पगार, २० हजार, त्याचे १२ टक्के म्हणजे २,४०० तुझे आणि तितकेच कंपनीचे. काही कंपन्या १५ हजारांवरच हिशेब करतात, तुझी पूर्ण बेसिकवर करते, हे चांगलं आहे. तुझी ही पहिलीच नोकरी आणि बेसिक १५ हजारांहून जास्त, त्यामुळे तू पेन्शन योजनेत येत नाहीस, कंपनीचे पूर्ण २,४०० तुझ्या पीएफमध्येच जातात. म्हणजे दरमहा ४,८०० रुपये तुझ्या नावावर साठतात. २०२४-२५ या वर्षासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं. इतक्या सुरक्षित जागी इतकं व्याज सहसा मिळत नाही.

तुला बारा आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, मिळाला असेल. नोकरी कितीही वेळा बदललीस तरी तो एकच राहतो. जुन्या कंपनीतला पीएफ नव्या कंपनीच्या खात्यात वळवून घ्यायचा, काढायचा नाही. पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढला तर त्यावर करही लागू शकतो. शिवाय जे पेन्शन योजनेत असतात त्यांना पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. मधेच पैसे काढून घेतले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून. लग्न ठरलं म्हणून, नवऱ्याची बदली झाली म्हणून नोकरी सोडणाऱ्या कितीतरी मुली पीएफचा चेक भरायला आमच्या बँकेच्या काउंटरवर यायच्या. बहुतेकींचे ते पैसे महिन्याभरात दुसऱ्याच कुणाच्या तरी खर्चात गेलेले असायचे. काही वर्षांनी त्याच परत नोकरीला लागायच्या आणि म्हातारपणाची पुंजी पुन्हा पहिल्या रुपयापासून सुरू व्हायची. तू असं होऊ देऊ नकोस. घरात कितीही निकड दाखवली तरी तुझा पीएफ हा लग्नाचा, फर्निचरचा किंवा कुणाच्या धंद्याच्या भांडवलाचा पैसा नाही. यात आम्ही दोघंही आलो.

आता कर्जाची बाजू, कारण ती तुझ्याकडे न बोलावता येणार. पगार खाती जमा होऊन आठवडा झाला नाही तोच क्रेडिट कार्डाचा फोन आला म्हणालीस. कार्ड वाईट नाही. बिलाच्या तारखेला पूर्ण रक्कम भरत गेलीस तर मधले दिवस बिनव्याजी मिळतात. गोम आहे ती ‘मिनिमम ड्यू’मध्ये. समज, बिल २० हजारांचं आलं आणि खाली लिहिलं आहे, किमान एक हजार भरा. तू हजार भरलेस. उरलेल्या १९ हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ७८५ रुपये. भरलेल्या हजारातले दोनशेसवादोनशेच मुद्दलातून कमी झाले. वर त्या महिन्यात नवी खरेदी केलीस तर तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महिना साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आपल्याकडच्या सावकारांना आपण नावं ठेवली, त्यांचे दर याच्याजवळपासच असायचे. बिल पूर्ण भरता येणार नाही असं वाटलं तर त्या महिन्यात कार्ड कपाटात ठेव. कार्डावर एटीएममधून रोख तर कधीच काढू नकोस, तिथे व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतील. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. व्याज कुठेतरी असतंच. कधी ते रोखीत मिळणाऱ्या सवलतीच्या रूपात तुझ्याकडून आधीच घेतलेलं असतं, कधी प्रोसेसिंग फीमध्ये. म्हणून रोखीचा भाव आधी विचारायचा.

कर्जाचा दर विचारताना तो ‘फ्लॅट’ आहे की ‘रिड्युसिंग’, हेही विचार. लाख रुपये तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅटने घेतलेस तर व्याज ३० हजार आणि हप्ता ३,६११. ऐकायला दहा टक्के. पण तू तर दर महिन्याला मुद्दल फेडत आहेस, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलं जातं. घटत्या शिलकीवर मोजलं तर तो दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. आता बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना कर्ज देण्याआधी एक पत्रक द्यावं लागतं, त्याला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ म्हणतात. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. ते पान मागून घे, वाच, आणि मगच सही.

सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्यातली तुझी पत दाखवणारा आकडा, ३०० ते ९०० मध्ये असतो. हप्ते आणि बिलं वेळेवर भरलीस की तो चांगला राहतो. एवढंच पुरे, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट पाहता येतो. एक गोष्ट मात्र आपल्या भागात लोकांना शेवटपर्यंत कळत नाही. कुणाला जामीन राहिलीस तर ते कर्जही तुझंच. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते; बँकेने आधी त्याच्या मागे लागावं आणि मग तुझ्याकडे यावं, असा नियम नाही. त्याचा हप्ता थकला की तुझाही स्कोअर खाली. मैत्रीण असो, चुलतभाऊ असो, ‘नुसती सही हवी आहे’ असं म्हणणाऱ्याला नाही म्हणायला शिक. वाईटपणा माझ्यावर ढकललास तरी चालेल.

बचतीत पहिलं काम गंगाजळीचं. सहा महिन्यांचं भाडं, मेस, प्रवास आणि विम्याचा हप्ता भागेल इतके पैसे बचत खात्यात आणि मुदत ठेवीत असू देत. त्यावर जास्त व्याज मिळवायला जाऊ नकोस, अडचणीत ते त्याच दिवशी हातात आले पाहिजेत. एकरकमी जमत नसेल तर आवर्ती ठेव काढ, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख दे.

पैसे कुठे ठेवायचे, हे व्याजाइतकंच महत्त्वाचं. बँक बुडाली तर मुद्दल आणि व्याज मिळून एका माणसाला एका बँकेमागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा फक्त एक लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ज्यांचं सगळंच तिथे होतं त्यांचे हाल तू बातम्यांत पाहिलेस. पतसंस्थेतल्या ठेवींना तर हे संरक्षणच नाही. आपल्या गल्लीतल्या पतसंस्थेत संचालक ओळखीचे आहेत, व्याज दीड-दोन टक्क्यांनी जास्त आहे, म्हणून काकू तुला आग्रह करतील. त्यांचा हेतू चांगला आहे, तरी तिथे ठेव ठेवू नकोस. ऑफिसातल्या भिशीचंही तेच: गमतीपुरती हजार-पाचशेची ठीक, पण तिला गुंतवणूक समजू नकोस. कुणी पळून गेलं तर दाद मागायला कागद नसतो.

लांबच्या पल्ल्यासाठी पीपीएफ, म्हणजे सरकारची सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना, आणि अनेकांचे पैसे एकत्र गुंतवणारा म्युच्युअल फंड, दोन्ही ठेव. पीपीएफ पंधरा वर्षांचं, वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख. एप्रिल २०२० पासून त्याचा दर ७.१ टक्के झाला आणि पुढे वर्षानुवर्षं तोच राहिला. व्याजावर कर नाही. महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरलेल्या पैशांवरच त्या महिन्याचं व्याज मिळतं, म्हणून पगार झाल्या झाल्या भर.

एसआयपी म्हणजे दर महिन्याला ठरावीक रकमेचे म्युच्युअल फंडाचे युनिट घेणं. त्या दिवशी युनिटचा जो भाव असेल, ज्याला एनएव्ही म्हणतात, त्या भावाने. ही योजना नव्हे, भरायची पद्धत आहे. पैसा शेवटी शेअर बाजारातच जातो. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली आला. आमच्या शाखेतले दोघे-तिघे त्या वेळी घाबरून सगळं विकून मोकळे झाले. म्हणून पुढची सात-आठ वर्षं लागणार नाहीत तेच पैसे इथे घाल. निफ्टीच्या ५० कंपन्यांत पैसे वाटून टाकणारा साधा इंडेक्स फंड तुला सुरुवातीला पुरे. आणि ‘डायरेक्ट’ प्लॅन घे. ‘रेग्युलर’मध्ये एजंटाचं कमिशन दर वर्षी तुझ्याच पैशातून जातं. वर्षाला एक टक्का काय मोठा, असं वाटेल. महिना ५ हजार तीस वर्षं भरलेस तर ११ टक्क्यांनी १ कोटी ४० लाख होतात आणि १० टक्क्यांनी १ कोटी १३ लाख. एका टक्क्याचे सत्तावीस लाख! वीसच वर्षं भरलेस तर १० टक्क्यांनी ३८ लाखांच्या आसपास. बाजारात या दरांची हमी कुणी देत नाही, पण वेळ किती मोठं काम करतो ते यावरून कळतं. तुझ्याकडे आज तीस वर्षं आहेत, माझ्याकडे नव्हती.

कोटी ऐकून हुरळून मात्र जाऊ नकोस. महागाई ६ टक्के धरली तर तीस वर्षांनंतरचे ते १ कोटी १३ लाख आजच्या वीस लाखांइतकेच. म्हणून पगार वाढेल तशी एसआयपीही वाढवत ने. एनपीएसचा, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, विचार दोन-तीन वर्षांनी कर. त्यात जमलेल्या रकमेचा काही भाग निवृत्तीला वर्षासनात, म्हणजे आयुष्यभर पेन्शन देणाऱ्या योजनेत घालावाच लागतो. ज्यांना पैसे हाती आले की राहत नाहीत त्यांना ते चांगलं. तुझ्यासाठी घाई नाही.

विमा आणि बचत एकत्र विकायला कुणी येईल, बहुधा आपल्याच नात्यातलं. तुझ्यावर आज कुणी अवलंबून नाही, त्यामुळे आयुर्विम्याची निकड नाही. पुढे घ्यावासा वाटला तर साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा वेगळा घे, वय कमी असताना हप्ताही कमी बसतो. भिडेखातर पॉलिसी घेतलीसच, तर ती हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

शेवटचं काम नामनिर्देशनाचं, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते नाव नोंदवण्याचं. काउंटरवर सगळ्यात जड जायचं ते नवरा गेल्यावर पिशवीभर कागद घेऊन आलेल्या बायकांशी बोलणं. कुठल्या बँकेत किती आहे, कर्ज कुणाच्या नावावर आहे, सही कशावर केली होती, काही माहीत नसायचं. शिकलेल्या, शाळेत शिकवणाऱ्यासुद्धा त्यांत असायच्या. ‘ते सगळं हेच बघायचे’ म्हणायच्या. मुक्ता, तुझं सगळं तूच बघ. आज बाबा मदत करतील, उद्या तुझा जोडीदार करेल, पण पासवर्ड, पासबुक आणि निर्णय तुझ्याकडे असू देत. आणि हेही लक्षात घे की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बहुतेक ठिकाणी तो पैसे फक्त ताब्यात घेतो, हक्क वारसांचा असतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये हेच सांगितलं. लग्न झालं की पीएफचं नामनिर्देशन नव्याने करावं लागतं, तेही विसरू नकोस.

या रविवारी पीएफच्या साइटवर जाऊन ई-नॉमिनेशन कर. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेव, ओटीपी लागतो. आम्हा दोघांच्या जन्मतारखा तुला माहीत आहेतच, फोटो पाठवले आहेत. आधार क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत नाही, फोन केलास की सांगते.

तुझी,
आई