सभागृहातल्या दिशादर्शक पाट्यांसाठी आवाहन

सस्नेह नमस्कार,

वाचनालयाचं वरचं सभागृह लोकवर्गणीतून उभं राहिलं, हे आपण जाणताच. खुर्च्या वकीलसाहेबांनी दिल्या, पंखे मुख्याध्यापिका बाईंनी पहिल्या पेन्शनीतून बसवले. सराफकट्ट्याच्या मंडळींनी दिलेला मखमली पडदा अजून टिकून आहे, फक्त एक कोपरा उंदरांनी कुरतडलाय. नावं बरीच आहेत. कुणी राहिलं असल्यास राग नसावा.

गेल्या मे महिन्यात बालनाट्य रंगात असताना वीज गेली. पेटलं काही नव्हतं, नुसता अंधार. तरी सगळे मागच्या जिन्याकडे धावले, कारण घाबरलेला माणूस आला त्याच दारानं परततो. रंगमंचाच्या डावीकडचं, थेट अंगणात उतरणारं दार उघडंच होतं. तिकडे कुणी फिरकलं नाही. त्यावर ‘बाहेर’ अशी पाटी आहे, पण तपकिरी दारावर काळी अक्षरं, अंधारात दिसणार कशी? दैवकृपेनं खरचटण्यावर निभावलं. जिन्यात सापडलेली बोटभर चप्पल अजून कार्यालयातल्या कपाटात आहे.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून वाट अडवलेली, त्यात धूर आणि काळोख. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा आत प्रयोग नव्हता, म्हणून प्रेक्षक वाचले.

आपल्याला हव्यात पळत्या माणसाच्या चित्राच्या हिरव्या पाट्या, वीज गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या. शिवाय भिंतींना गुडघ्याखाली आणि पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या. धूर आधी वर साठतो, त्यामुळे दारावरची पाटी झाकली गेली तरी खालची दिसते. चित्र असल्यानं अक्षरओळख नसलेल्या लेकरालाही कळतं.

दिवाळीत हेच आवाहन फलकावर लावलं होतं. चार पाकिटं आली. नव्या ध्वनिक्षेपकाला मात्र दोन दिवसांत पैसे जमले. असो, तेही आपलेच दाते. पण त्या संध्याकाळी मुलं सगळ्यांचीच होती.

खर्च ८६,००० रु., जमा ३१,५००, बाकी ५४,५००. उन्हाळी शिबिराआधी काम व्हायला हवं. रोख वा धनादेश (वाचनालयाच्या नावे) कार्यालयात सायं. ५ ते ८, सोमवारी बंद. क्यूआर कोड फलकावर. पावती मागून घ्यावी. पैसे जमत नसतील तर रविवारी सकाळी ९ वाजता स्क्रू ड्रायव्हर घेऊन या, डाव्या दारापुढच्या मोडक्या खुर्च्या हलवायच्या आहेत.

आपला,
कार्यवाह