स्मरणिकेची फाइल पक्की करण्याविषयी

रत्नागिरी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

ग्रंथालयाच्या स्मरणिकेची तू पाठवलेली वर्ड फाइल सावकाश वाचली. मजकूर उत्तम उतरला आहे आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, असल्यामुळे छापखान्याच्या संगणकावरही नीट उघडेल. फाइलची बांधणी मात्र अजून कच्ची आहे. इतक्या मेहनतीने जमवलेला मजकूर छपाईत विस्कटू नये, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रत्येक लेखाचे शीर्षक तू अक्षरे मोठी व ठळक करून दिले आहेस आणि पुढचा लेख नव्या पानावर यावा म्हणून एंटर दाबत खाली गेला आहेस. दशावतारावरच्या लेखात उद्या दोन ओळी वाढल्या, की त्यापुढचे शीर्षक तेवढेच खाली घसरेल. त्याऐवजी लेख संपतो तिथे कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून पेज ब्रेक घाल. मग शीर्षकाच्या ओळीत कर्सर ठेवून होम टॅबवरील स्टाइल्समधून ‘हेडिंग १’ निवड. हे शीर्षक आहे, एवढे एकदा वर्डला कळले, की रेफरन्सेस टॅबमधून अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि मजकूर वाढल्यास ‘अपडेट टेबल’ केल्यावर पानांचे आकडेही बदलतात. सर्व शीर्षकांचा फाँट बदलायचा झाल्यास ती स्टाइल एकाच ठिकाणी बदलली की पुरते. बाकी काही जमले नाही तरी चालेल, पण एवढे अवश्य कर.

नारळाची ‘वाडी’ सगळीकडे ‘बाग’ करायची, असे तू लिहिले आहेस. फाइंड अँड रिप्लेसमध्ये सरळ ‘रिप्लेस ऑल’ दाबलेस, तर सावंतवाडीची ‘सावंतबाग’ होईल आणि ‘वाडीत’ या शब्दाचे ‘बागत’ होऊन बसेल. शिवाय जिथे वाडी म्हणजे वस्ती आहे, तिथे अर्थच बदलेल. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे ‘फाइंड नेक्स्ट’ने एकेक जागा पाहूनच बदल करणे मला योग्य वाटते. काही चुकलेच, तर कंट्रोल आणि झेड दाबून अन्डू करता येते.

परिच्छेद हलवताना कट केल्यावर तो लगेच पेस्ट करत जा, कारण मध्येच दुसरे काही कॉपी केले, की कंट्रोल आणि व्ही दाबल्यावर आधीचा परिच्छेद न येता नंतरचा मजकूर येतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय हाताला लागू दे. मोठे फेरफार करण्यापूर्वी ‘सेव्ह ॲज’ने नावात तारीख घालून वेगळी प्रत ठेव, ‘फायनल’, ‘फायनल नवी’ अशा नावांवरून ताजी प्रत कोणती ते कुणालाच कळत नाही.

गुरुजींकडे मुद्रितशोधनासाठी फाइल देताना रिव्ह्यू टॅबमधील ‘ट्रॅक चेंजेस’ सुरू करून दे. त्यांनी खोडलेले आणि घातलेले शब्द वेगळ्या रंगात दिसतील व प्रत्येक बदल तुला स्वीकारता किंवा नाकारता येईल. गावातील जुन्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत आहेत. तिथले मालवणी शब्द शुद्धलेखनाच्या नावाखाली जाऊ देऊ नकोस.

सगळे आटोपल्यावर पीडीएफ काढ आणि छापखान्यात देण्यापूर्वी ती मला पाठव. अनुक्रमणिकेतील पानांचे आकडे मी ताडून पाहीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र