रविवारचा सराव: गोलकीपर-फॉरवर्ड धडक

सर्व पंच सदस्यांना नमस्कार,

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आलाय. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फक्त या एकाच विषयावर सराव आहे. मुख्य पंच आणि लाइनमन, सगळ्यांनी यायचे. शिट्टी, कार्डे, झेंडे सोबत आणा आणि फाउलविषयीचा नियम १२ आणि पंचांविषयीचा नियम ५ वाचून या. विशेषतः:

• कीपरने चेंडू हाताखाली जमिनीवर दाबला, मग एका हाताने का असेना, की तो त्याच्या ताब्यात. त्यावर पाय घालणे फाउलच.

• गोलसमोरच्या छोट्या चौकटीत कीपरला वेगळे संरक्षण नाही. हा गैरसमज पेठापेठांत पक्का बसलाय, प्रेक्षक ओरडले तरी बधू नका.

• 'चेंडू आधी मला लागला' म्हणून कीपर सुटत नाही. वेग किती, गुडघा किंवा कंबर कुठे होती, ते पाहा. १९८२ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये पश्चिम जर्मनीचा कीपर शूमाखरने फ्रान्सच्या बॅटिस्टनला उडवले, त्याचे दात पडले आणि पंचांनी फाउल न देता दिली गोलकिक! कार्डसुद्धा नाही.

• कीपर आणि फॉरवर्ड धडकून दोघांना उपचार लागले, तर त्या उपचारांमुळे कोणालाच मैदानाबाहेर पाठवायचे नाही.

येणे जमणार नसेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत सचिवांना फोन करा.