आदिलाबादच्या काकांना, रात्री पावणेअकराच्या फोनबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नकोस म्हणालात, म्हणून छापत नाही. पण आभार चारचौघांतच मानणार, त्याला तुमचा इलाज नाही.

८ जून २०२४ च्या पहाटे 'ईनाडू' हा तेलुगू पेपर आणि ई टीव्ही काढणारे रामोजी राव हैदराबादेत वारले, वय ८७. रविवारच्या अंकासाठी लेख माझ्या गळ्यात पडला. 'रामोजी' म्हणजे कान्होजी-संभाजीच्या वळणाचं नाव, त्यामुळे इथे नांदेडात निम्म्या लोकांना ते मराठीच वाटत आलेत. या धंद्यात केस पिकलेल्या दोघांना फोन लावले. एकाने नुसते जोडलेले हात पाठवले. दुसरे मीटिंगमध्ये होते. अर्ध्या तासात त्यांची 'एका युगाचा अंत' ही पोस्ट आली, स्वतःच्या फोटोसकट!

मग कुणीतरी तुमचा नंबर दिला. ओळख ना पाळख, तरी तुम्ही तासभर बोललात, तेलुगू हेल असलेल्या तुमच्या त्या गोड मराठीत. आंध्रातल्या पेदपारुपुडी गावच्या शेतकऱ्याच्या घरचा रामय्या. शाळेत स्वतःच नाव बदलून रामोजी झाला. १९६२ साली मार्गदर्शी चिटफंड. १९७४ च्या ऑगस्टमध्ये 'ईनाडू' काढला तो हैदराबादेत नव्हे, विशाखापट्टणमला, कारण विजयवाड्याचे पेपर तिथे पोचेपर्यंत शिळे व्हायचे. "याने उजाडायच्या आत दारात पेपर टाकला," हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. 'ईनाडू' म्हणजे 'आज' इतकंच मला माहीत. 'हा मुलूख' असाही अर्थ निघतो, हे तुमच्याकडून कळलं, आणि १९८९ पासून निघालेल्या जिल्हा पुरवण्यांचं मर्मही. गावच्या बोअरिंगची बातमी छापून येते म्हटल्यावर गाव पेपर घेतंच. नेल्लोरच्या बायकांनी दारूच्या गुत्त्यांविरुद्ध उठाव केला तेव्हा पेपर त्यांच्या बाजूने उभा राहिला, हे अभिमानाने सांगितलंत. तेलुगू देसमच्या एनटीआरच्या प्रचाराला पेपर जुंपला गेला आणि मार्गदर्शीच्या ठेवींवरून पुढे खटले झाले, "तेही लिही, माणूस गेला म्हणून गाळू नको," हेही सांगितलंत.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही.

अकराला पान सुटणार होतं. पावणेअकराला तुमचा फोन आला. या वयात, त्या वेळी, धाप लागलेली. "बाबा, एक वाक्य काढ. रामोजी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला म्हणालो ना? माझ्या नाही, शेजारच्याच्या ठेवला होता. मी बाजूला उभा होतो. इतकी वर्षं सांगता सांगता तो हात माझ्या खांद्यावर आला."

काका, त्याच वाक्याने मी लेख सुरू केला होता. पंधरा मिनिटांत नवी सुरुवात लिहावी लागली, तेव्हा मनात तुम्हाला दोन शिव्याही हासडल्या, खोटं कशाला बोलू. ते वाक्य तसंच छापलं असतं तर जगात कुणाला कळलं असतं? शेजारचा तर कधीच वारला म्हणालात. दुसऱ्याच्या चुकांवर लाल पेन चालवणारे मी रोज बघतो, मीही त्यातलाच. स्वतःचा एवढा सुंदर किस्सा रात्री फोन करून खोडणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

तुमचा फोन ठेवल्यावर माझंही एक वाक्य मला टोचायला लागलं. '२००० साली ई टीव्ही मराठी सुरू झालं, तेव्हा पहिल्या दिवसापासून आम्ही डोळे लावून बसायचो' असं झोकात लिहिलं होतं. आमच्या घरी केबल आली तीच मुळी २००३ साली. तेही खोडलं.

अंक पोस्टाने पाठवलाय. टाइप बारीक आहे, नातीकडून वाचून घ्या.

तुमचा,
नांदेडचा उपसंपादक