रीडिम शिकवता तर कारणही सांगा

मा. संपादक,

भोसरी-चाकणकडच्या छोट्या वर्कशॉपांची कॉम्प्युटरची कामं मी बघतो, तिथे स्टॉकचे नि हजेरीचे रिपोर्ट अजून व्हीबीस्क्रिप्ट या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतच निघतात. कोर्स करून पोरं येतात, सर्टिफिकेट असतं, पण दोन डायमेन्शनचा ॲरे (म्हणजे आडव्या-उभ्या खान्यांचा तक्ता) वाढव म्हटलं की गाडी अडलीच.

डिम करताना, म्हणजे ॲरे जाहीर करताना, कंस रिकामा ठेवायचा, नंतर रीडिम या कमांडने साइज द्यायची, आणि कंसात आधीच आकडा घातला तर तो ॲरे फिक्स, पुढे रीडिम होणार नाही, हे त्यांना येतं. रीडिम (२,३) म्हणजे ६ नाही तर १२ खाने, कारण मोजणी शून्यापासून, म्हणजे ३ गुणिले ४, इथे निम्मे गडबडतात. नुसतं रीडिम केलं की आतला डेटा साफ, रीडिमला प्रिझर्व्ह हा शब्द लावला की राहतो, पण मग फक्त शेवटचंच डायमेन्शन बदलता येतं, पहिल्याला हात लावला की एरर ९, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज. का? तर म्हणे क्लासमध्ये 'पाठ करा' सांगितलं.

अहो, साधं आहे. मेमरीत हे खाने एका ओळीत बसतात, आधी (०,०), मग (१,०), (२,०), त्यानंतर (०,१), म्हणजे पहिला इंडेक्स (कंसातला पहिला आकडा) भराभर पळतो. शेवटचं डायमेन्शन वाढवलं तर नवे खाने शेपटाला लागतात, पहिलं वाढवलं तर मधेमधे जागा करावी लागते, आणि पीएमपीच्या रांगेत मधे घुसलं की काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको!

म्हणून फील्ड (नोंदीतले रकाने) पहिल्या जागी आणि रेकॉर्ड (एकेक नोंद) शेवटच्या जागी ठेवायचे. डेटाबेसमधून माहिती आणणाऱ्या एडीओचं गेटरोज (रेकॉर्ड ॲरेत भरून देणारी कमांड) पण असंच देतं, पोरं त्याला उलटं म्हणून शिव्या घालतात. दर रेकॉर्डला रीडिम प्रिझर्व्ह करू नये, कॉपी करण्यातच वेळ जातो, एकदम १०० वाढवा आणि शेवटी छाटा. दोन्ही बाजू वाढवायच्या असतील तर नवा ॲरे घेऊन दोन फॉर लूपने (एकात एक फिरणाऱ्या) एकेक खाना कॉपी करा, दुसरा सरळ रस्ता नाही.

आता कोणी म्हणेल मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच व्हीबीस्क्रिप्ट निवृत्त करायचं जाहीर केलंय, कशाला शिकायचं? पण एक्सेलच्या व्हीबीएमध्ये, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेत, हाच नियम आहे आणि एक्सेल कुठल्या ऑफिसात नाही? क्लासवाल्यांनी फळ्यावर ते १२ खाने काढून मेमरीतला कितवा कुठला एवढे नंबर घालून दाखवावेत, पंधरा मिनिटांचं काम आहे, फी तर पूर्ण घेतातच.

— एक वाचक, पुणे